लेन्स निवडण्याआधीचा भागाकार

छोटा मिररलेस कॅमेरा घेतला की सोबत आलेल्या किट लेन्सवर सुरुवातीचे दिवस छान जातात. भर दुपारी राणीच्या बागेत किंवा गेटवेवर काढलेले फोटो मोबाइलपेक्षा कितीतरी सरस दिसतात. मग गणपती येतात. आरतीला घरातले मोठे दिवे मालवलेले असतात, समईचा आणि तोरणाच्या दिव्यांचा उजेड असतो, पोरं टाळ्या वाजवत असतात, आणि एकही फोटो धड येत नाही. हात धूसर, चेहरे धूसर, सावलीत नुसते रंगीत ठिपके. इथून लेन्सचा शोध सुरू होतो. दुकानात गेलं की आकडे समोर येतात: १४-४२ एफ/३.५-५.६, २५ एफ/१.७, ४५-१५० एफ/४-५.६. विक्रेता घाईत असतो, मागे आणखी चार गिऱ्हाइकं असतात, आणि आपण किंमत बघून ठरवून मोकळे होतो.

त्याआधी एक भागाकार करावा. पहिला आकडा नाभीय अंतराचा (फोकल लेंग्थ), मिलिमीटरमध्ये. दुसरा, एफ नंतरचा, हे गुणोत्तर आहे: नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. म्हणून पहिल्याला दुसऱ्याने भागलं की छिद्राचा व्यास मिळतो. छिद्र म्हणजे लेन्समधून समोरून पाहताना दिसणारं ते उजळ वर्तुळ, ज्यातून प्रकाश आत शिरतो. शास्त्रात त्याला प्रवेश छिद्र म्हणतात. २५ एफ/१.७ या लेन्सचं छिद्र जवळपास १५ मिलिमीटरचं. किट लेन्स त्याच २५ मिलिमीटरवर ठेवली तर तिथे एफचा आकडा पाचच्या आसपास असतो, म्हणजे छिद्र पाचेक मिलिमीटरचं. व्यास तिप्पट झाला की क्षेत्रफळ नऊपट होतं. इथे तिपटीला थोडं कमी आहे, म्हणून साधारण आठपट प्रकाश धरू. आरतीच्या उजेडात किट लेन्सला सेकंदाचा दहावा भाग लागत असेल, तर या लेन्सला ऐंशीवा भाग पुरतो. एक दशांश सेकंदात टाळी वाजवणारा हात बराच लांब जातो. एक ऐंशीअंशात पुष्कळदा तो ओळखू येतो.

कॅमेऱ्यात कंपन रोखणारी यंत्रणा आहे ना, असं कोणी म्हणेल. ती आहे, आणि उत्तम आहे, पण ती तुमचा हात सांभाळते. टाळ्या वाजवणाऱ्या पोराला थांबवणं तिच्या हातात नाही. स्थिर देवळाच्या गाभाऱ्यात ती कमाल करते, माणसं हलत असली की छिद्रच मोठं लागतं.

हाच व्यास आणखी एक गोष्ट सांगतो, आणि भूमितीतली ही गोष्ट मला फार सुंदर वाटते. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर कोणीतरी बसलंय, मागे खूप लांबवर राणीच्या हारातले दिवे आहेत, आणि तुम्ही चेहऱ्यावर फोकस केलाय. मागचा प्रत्येक दिवा पसरून तबकडी होतो. ही तबकडी किती मोठी? चेहऱ्याच्या मापात मोजली तर ती बरोबर छिद्राच्या व्यासाएवढी. छिद्र पाच मिलिमीटरचं असेल तर दिवे चेहऱ्यावरच्या छोट्या टिकलीएवढे दिसतील. १५ मिलिमीटरचं असेल तर अर्ध्या डोळ्याएवढे. मोठ्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावरची ५० एफ/१.८ घेतली तर छिद्र २८ मिलिमीटरचं होतं आणि प्रत्येक दिवा जवळपास डोळ्याच्या रुंदीचा होतो. सेन्सर (कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप) कुठला, लेन्स कुठल्या कंपनीची, याने हे बदलत नाही. पार्श्वभूमी किती विरघळेल हे त्या एका व्यासावर ठरतं, फक्त ती पुरेशी दूर हवी.

सेन्सरचं माप मग कुठे येतं? ते येतं चौकटीत किती मावेल यात. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६ चा, आणि मायक्रो फोर थर्ड्स १७.३ बाय १३ चा. म्हणून साधारण एकाच दृश्यासाठी पहिल्यावर ५०, दुसऱ्यावर ३५ आणि तिसऱ्यावर २५ मिलिमीटरची लेन्स लागते. जाहिरातीत '५० च्या बरोबरीची' असं लिहिलेलं असतं ते एवढ्यापुरतं खरं. दिसणारा कोन बरोबरीचा असतो, छिद्र नाही. भागाकार मात्र नेहमी लेन्सवर छापलेल्या मूळ आकड्याने करायचा.

आता मुंबईतल्या घराचं माप घेऊ. दहा बाय बाराची खोली म्हणजे सुमारे ३ बाय ३.६ मीटर. एका भिंतीला पाठ टेकून उभं राहिलात तर समोरचा माणूस जास्तीत जास्त तीन मीटरवर. मायक्रो फोर थर्ड्सवर २५ ची लेन्स लावून कॅमेरा उभा धरला, तर तीन मीटरवर चौकटीत सुमारे दोन मीटर उंची मावते. म्हणजे माणूस डोक्यापासून पायापर्यंत येतो, वर थोडी जागाही उरते. तिथेच पोर्ट्रेटसाठी नावाजलेली ४५ ची लेन्स लावली तर जेमतेम १.१५ मीटर मावतं, म्हणजे गुडघ्यापर्यंतचाच माणूस. मोकळ्या मैदानावर ती लेन्स सुरेख काम करते, पण नव्वारी नेसून उभ्या असलेल्या आजीचा पूर्ण फोटो घरात हवा असेल तर तिचा उपयोग नाही. गिरगावातल्या चाळीत, जिथे केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, त्या चौकांत आणि गॅलऱ्यांत फिरतानाही हेच जाणवतं: मागे सरकायला जागा नसते. माझं स्पष्ट मत आहे की मुंबईत राहणाऱ्याची किट लेन्सनंतरची पहिली खरेदी ही मोठ्या छिद्राची, साध्या कोनाची, झूम नसलेली लेन्स असावी. आपल्या कॅमेऱ्याप्रमाणे २५, ३५ किंवा ५० च्या आसपासची.

अंतराबद्दल एक गैरसमज खूप पसरलेला आहे. 'वाइड, म्हणजे रुंद कोनाच्या, लेन्सने नाक मोठं दिसतं' असं सगळे म्हणतात. नाक मोठं करतं ते अंतर. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटिमीटर असतात असं धरू. कॅमेरा नाकापासून ४० सेंटिमीटरवर असेल तर कान ५२ वर आहेत, म्हणजे नाक कानांच्या मानाने ३० टक्के मोठं दिसणार. दोन मीटरवरून हाच फरक सहा टक्क्यांवर येतो आणि डोळ्याला खटकत नाही. लेन्स कोणतीही असो. वाइड लेन्स आपल्याला जवळ जायला लावते, एवढाच तिचा दोष. म्हणून आधी आपण कुठे उभे राहणार ते ठरवावं, मग तिथून जेवढं हवं तेवढं मावेल अशी लेन्स घ्यावी.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोरच्या फुटपाथवर हे उलट बाजूने कळतं. तिथून मागे जायला रस्ताच नाही, इमारत प्रचंड, आणि घुमट चौकटीत घ्यायला कॅमेरा वर झुकवला की भिंती मागे कलंडल्यासारख्या दिसतात. इथे वाइड लेन्स खरोखर लागते. मायक्रो फोर थर्ड्सवर १२ किंवा एपीएस-सीवर १६ चालेल. कॅमेरा अगदी सरळ धरायचा, खालचा रस्ता चौकटीत येऊ द्यायचा आणि नंतर तो कापून टाकायचा. भिंती ताठ राहतात.

अशा वाइड लेन्समध्येच मिररलेस कॅमेऱ्याची रचना सगळ्यात जास्त कामी येते. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलायला जागा सोडावी लागे. निकॉनच्या एफ माउंटमध्ये लेन्स बसते त्या कड्यापासून फिल्मपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर होतं, कॅननच्या ईएफमध्ये ४४. ज्या लेन्सचं नाभीय अंतर २० मिलिमीटर आहे तिला इतक्या दूर प्रतिमा पाडायला लावायचं, तर पुढे प्रकाश पसरवणारी मोठी अंतर्गोल काच बसवावी लागते. फ्रान्सच्या पिएर आँजेन्यूने १९५० मध्ये ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यांसाठी 'रेट्रोफोकस' नावाने अशी लेन्स आणली, आणि तेव्हापासून एसएलआरच्या वाइड लेन्स पुढून जाड होत गेल्या. २००८ मध्ये ऑलिम्पस आणि पॅनासॉनिकने मायक्रो फोर थर्ड्स जाहीर केलं, त्याच वर्षी पॅनासॉनिकचा जी१ आला, आणि आरसा गेला. हे अंतर २० मिलिमीटरच्या आत आलं. सोनीच्या ई माउंटमध्ये ते १८ आहे, निकॉनच्या झेडमध्ये १६. मागची काच सेन्सरच्या जवळ नेता येऊ लागली आणि खिशात मावणाऱ्या वाइड लेन्स शक्य झाल्या.

या छोटेपणाला सॉफ्टवेअरचाही हात लागतो. अनेक लहान लेन्स चौकटीच्या कडा बाहेर फुगवून प्रतिमा पाडतात आणि कॅमेरा त्या सरळ करून आपल्याला दाखवतो. काहींना ही फसवणूक वाटते. मला वाटत नाही: काचेचे तीन-चार भाग कमी करून वजन आणि किंमत उतरत असेल तर गणिताने ते करावं. फक्त कोपरे ताणले जातात आणि तिथला बारकावा थोडा कमी होतो, हे वाइड लेन्स घेताना माहीत असावं.

टेलिफोटोत, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्समध्ये, मात्र आरसा गेल्याचा फायदा जवळपास संपतो. शिवडीच्या चिखलात येणारे बहुतेक रोहित (फ्लेमिंगो) हे लहान रोहित, उंची ८०-९० सेंटिमीटर. असा पक्षी १०० मीटरवर असेल तर ३०० मिलिमीटरची लेन्स सेन्सरवर त्याची प्रतिमा २.७ मिलिमीटर उंचीची पाडते. फुल फ्रेमच्या २४ मिलिमीटर उंचीत ती एक नवमांश, मायक्रो फोर थर्ड्सच्या १३ मिलिमीटरमध्ये एक पंचमांश. इथे छोटा सेन्सर खरंच मदत करतो. पण भागाकार करा: ३०० एफ/४ ला ७५ मिलिमीटरचं छिद्र हवं, म्हणजे पुढची काच किमान तेवढी रुंद. आरसा असो वा नसो, ही काच लहान करण्याची युक्ती नाही. ३०० एफ/६.७ वर छिद्र ४५ मिलिमीटरवर येतं, लेन्स हलकी होते, आणि सकाळच्या चांगल्या उजेडात ती पुरते. जड लेन्स घेण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहा. पाणी चढू लागलं की पक्षी काठाकडे सरकतात, आणि १०० मीटरचे ५० मीटर झाले की प्रतिमा आपोआप दुप्पट होते. शिवाय ऊन चढल्यावर चिखलावरची हवा थरथरू लागते. तिच्यापुढे कितीही महाग काच हतबल असते.

छिद्र मोठं असण्याचं एवढं सांगितल्यावर ते लहान करण्याबद्दलही सांगायला हवं. लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. हे विवर्तन. बिंदूची प्रतिमा त्यामुळे छोटी तबकडी होते, तिचं गणित जॉर्ज एअरीने १८३५ मध्ये मांडलं. हिरव्या प्रकाशासाठी एफ/८ वर या तबकडीचा व्यास सुमारे ११ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) येतो, एफ/१६ वर २१. वीस मेगापिक्सेलच्या मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरचा एक पिक्सेल ३.३ मायक्रॉनचा. म्हणून या कॅमेऱ्यांवर निसर्गदृश्यासाठी एफ/१६ लावून काही मिळत नाही, उलट सगळंच मऊ होतं. एफ/५.६ ला थांबावं, फार तर एफ/८.

आता पावसाळा. लेन्समधल्या कोऱ्या काचेचा हवेला लागलेला प्रत्येक पृष्ठभाग त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे चार टक्के परत फेकतो. असे बारा पृष्ठभाग असले तर जवळपास ३९ टक्के प्रकाश वाया जाईल, आणि इकडेतिकडे उसळलेला काही भाग चित्र पांढुरकं करेल. म्हणून काचेवर पारदर्शक लेप देतात. साध्या लेपाची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी असते. मुंबईची बुरशी याच लेपावर वाढते. तिला दमट हवा, अंधार आणि थोडी धूळ पुरते, आणि ती सोडते त्या आम्लाने लेप आणि नंतर काचही खरवडली जाते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असते, लेन्सला ४० ते ५० हवी. कापडी बॅगेत घालून कपाटात ठेवलेली लेन्स बुरशीला आयतीच सापडते. विजेवर चालणारी कोरडी पेटी सर्वांत चांगली. ती परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा मोठा डबा, आत सिलिका जेल, आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. सिलिका जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतं. तांदळात मात्र लेन्स ठेवू नका, त्याची पूड आत जाते.

एसी लोकलमधून उतरल्यावर लेन्सवर धुकं साचतं त्याचं कारणही हवेतलं पाणीच. पावसाळ्यात मुंबईचा दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ ज्याखाली पाणी होऊन साचते ते तापमान, २५ अंशांच्या आसपास असतो, आणि डब्यात थंड झालेली काच त्याच्या खाली गेलेली असते. उतरण्याआधीच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि बाहेर आल्यावर तो बाहेरच्या हवेइतका गरम होईपर्यंत पिशवी उघडू नका. पाणी पिशवीवर साचेल, काचेवर नाही.

बजेट कमी असेल तर फिल्मच्या काळातल्या जुन्या लेन्स हा चांगला मार्ग आहे. निकॉनची जुनी एफ लेन्स सोनीच्या ई माउंटवर लावायला ४६.५ वजा १८, म्हणजे २८.५ मिलिमीटर जाडीचं रिकामं नळकांडं पुरतं, आत काच लागत नाही. फोकस हाताने करावा लागतो, त्याची सवय होते. पण या शहरातली जुनी लेन्स विकत घेताना मोबाइलचा टॉर्च सोबत ठेवाच. छिद्र पूर्ण उघडा, मागून तिरपा उजेड टाका आणि समोरून आत पाहा. दोन-चार धुळीचे कण दिसले तर काळजी नाही. कडेला कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले तर भाव पाडून घ्यायला हरकत नाही, सुरुवातीची बुरशी बहुतेकदा साफ होते. धाग्यांखाली काचेवर नक्षी उमटलेली दिसली, तर ती लेन्स कितीही स्वस्त मिळत असली तरी परत करा.