गाऱ्हाणे, मुलाखत, प्रश्नावली: कर्मचाऱ्यांचे ऐकण्याचा इतिहास

कोकणात देवापुढे गाऱ्हाणे घालतात तेव्हा एक जण बोलतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणत होकार भरतात. मागणे एकाच्या तोंडून, पण सगळ्या वाडीचे. मुंबईच्या गिरण्यांत राबायला आलेल्यांत रत्नागिरीकडची माणसे फार मोठ्या संख्येने होती, आणि या शहरातल्या कामगारांनी आपले म्हणणे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कागदावर उतरवले तेही असेच, सगळ्यांनी मिळून.

१८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांतील स्थितीच्या चौकशीसाठी आयोग नेमला. 'दीनबंधु' या वृत्तपत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबरमध्ये कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० जणांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार.

आज एखाद्या कंपनीचा 'एंगेजमेंट सर्व्हे', म्हणजे कर्मचारी कामात किती रमले आहेत हे मोजणारी प्रश्नावली, वाचणाऱ्याने हे निवेदन एकदा सावकाश वाचावे, असे मला मनापासून वाटते. यात पगारवाढीची मागणी नाही. पण १५ तारखेची मागणी बरेच सांगून जाते. केलेल्या कामाचा पगार पंधरा दिवसांनी तरी मिळावा, एवढेच मागावे लागत होते, म्हणजे तो त्याहून जास्त दिवस अडकून पडत असे. पगार अडकला की माणूसही अडकतो. त्यामुळे कामगार टिकून आहे म्हणजे तो कामात रमला आहे, हा अर्थ तेव्हाही काढता येत नव्हता. लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते, त्यांना हे आतून ठाऊक होते.

उत्तर यायला जवळपास सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जूनला गिरणीमालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. गिरणी कामगारांचा रविवार तिथून आला.

इथे विचारणारा कामगार होता आणि उत्तर मालकाने द्यायचे होते. विसाव्या शतकात ही दिशा उलटली. शिकागोजवळच्या सिसेरो गावात वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. टेलिफोनची सामग्री बनवणाऱ्या या कारखान्यात १९२४ पासून उजेडाचे प्रयोग चालले होते: दिवे वाढवले की काम वाढते का? सरळ उत्तर मिळेना. मग १९२८ मध्ये कंपनीने कामगारांच्या मुलाखती सुरू केल्या. सुरुवातीला ठरावीक प्रश्न होते, पण माणसे प्रश्न सोडून भलतेच बोलू लागत. तेव्हा मुलाखतकारांना सांगण्यात आले, की बोलणे तोडू नका, सल्ला देऊ नका, फक्त ऐका. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली. १९३० पर्यंत २१,००० हून अधिक कामगारांशी बोलून झाले होते. हार्वर्डचे एल्टन मेयो आणि त्यांचे सहकारी यांनी यातून एक गोष्ट मांडली: तक्रारीचा शब्द आणि तक्रारीचे मूळ वेगवेगळे असू शकते. जेवण वाईट म्हणणाऱ्याला कदाचित मुकादमाने केलेला अपमान खुपत असतो. हे खरेच आहे. पण याच्याच आडोशाने खरोखर वाईट असलेले जेवणही 'मनाचा प्रश्न' म्हणून झटकता येते, आणि मेयोंवर टीका झाली ती नेमकी याच मुद्द्यावर.

त्याच कारखान्यातले मला सर्वांत बोलके वाटते ते मात्र मुलाखतींबाहेरचे. १९३१-३२ मध्ये तारा जोडणाऱ्या चौदा पुरुषांना एका खोलीत बसवून त्यांचे नुसते निरीक्षण केले. जास्त काम केले तर जास्त पैसे मिळतील अशी पद्धत होती, तरी कोणी ठरावीक मापाच्या पुढे जात नव्हते. फार काम करणाऱ्याला बाकीचे दंडावर गुद्दा मारून आवरत. फार कमी करणेही वाईट, आणि साहेबाकडे चुगली करणे तर त्याहून वाईट. मंदीचे दिवस होते. काम वाढले की दर उतरतील किंवा कुणाची तरी नोकरी जाईल, ही भीती होती. कंपनीची खरी संस्कृती या अलिखित नियमांत होती, भिंतीवरच्या सूचनांत नव्हे.

१९३२ मध्येच अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' ही पाच पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. दीड तासाचे बोलणे आता एका खुणेत मावू लागले. हजारो लोकांचे मत एका आठवड्यात मोजता आले, हा मोठा फायदा. पण प्रश्न कोणते, हे विचारणाराच ठरवू लागला.

भारतात १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांत कार्यसमित्यांची, म्हणजे मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींच्या संयुक्त समित्यांची, तरतूद केली. मुंबईच्या गिरण्यांना मात्र १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता. वाटाघाटींचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त प्रातिनिधिक युनियनला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. कागदोपत्री कामगारांचा आवाज पोहोचत होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार कामगारनेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. त्यांच्या मागण्यांत पगाराबरोबरच हा कायदा बदलण्याचीही मागणी होती. आपले म्हणणे कोणी मांडायचे, हेच त्यांना ठरवायचे होते. संप मोडला, हजारो घरे उद्ध्वस्त झाली, ती जखम गिरणगावात अजून आहे.

'एंगेजमेंट' हा शब्द या अर्थाने रुजला तो १९९० मध्ये, अमेरिकी संशोधक विल्यम कान यांच्या अभ्यासातून. उन्हाळी शिबिर आणि वास्तुविशारदांचे कार्यालय या दोन ठिकाणी त्यांनी पाहिले, की माणूस कामात कधी जीव ओततो आणि कधी अंग काढून घेतो. कामाला अर्थ वाटणे, मोकळे वागले तरी नुकसान होणार नाही ही खात्री, आणि अंगात-मनात त्यासाठी उरलेले बळ, या तीन गोष्टी त्यांना सापडल्या. पुढे कंपन्यांनी यातला शब्द उचलला आणि त्याचे गुण, टक्के, तिमाही आलेख केले. दुसरी अट, खात्रीची, मागेच राहिली.

ती अट किती जड आहे हे अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांच्या रुग्णालयांतील अभ्यासाने दाखवले. चांगल्या परिचारिका-गटांत औषधांच्या चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. नोंदी उलट निघाल्या: चांगल्या गटांत चुका जास्त दिसल्या. कारण तिथे चूक झाली की ती सांगितली जात होती. बाकी ठिकाणी ती दडवली जात होती, आणि आकडे स्वच्छ दिसत होते.

म्हणून ज्या विभागाच्या प्रश्नावलीत सगळे 'पूर्ण सहमत' असते, तिथे मला आधी विचारावेसे वाटते, की फॉर्मवर नाव नसले तरी विभाग, वय आणि नोकरीची वर्षे भरायला लावली होती का. पाच जणांच्या टीममध्ये तेवढ्यावरून माणूस ओळखू येतो. ५,५०० जणांच्या कागदावर उघड सही करणाऱ्याला निदान शेजारी आणखी सह्या दिसत होत्या.