स्कॉटिश ल्यूटसंगीत

ल्यूट या छेडून वाजवायच्या प्राचीन तंतुवाद्यावर स्कॉटलंडच्या लोकधुना वाजवण्याची परंपरा. सतराव्या शतकातील काही हस्तलिखित वह्यांमुळेच ती आज वाजवता येते. राजदरबारी ल्यूटवादक असत, याच्या नोंदी त्याआधीच्या, स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याच्या काळातील खजिन्याच्या हिशेबांत सापडतात. पण ते नेमके काय वाजवीत, हे त्या नोंदींवरून कळत नाही.

या वह्यांत स्वरलेखन नसून फ्रेंच पद्धतीचे टॅब्लेचर आहे. आडव्या रेघा म्हणजे तारांच्या जोड्या आणि रेघांवरील अक्षरे म्हणजे पडदे. पहिले अक्षर मोकळी तार दाखवते. काळमात्रेच्या खुणा वर असतात, तर अक्षराखालचा ठिपका तो स्वर तर्जनीने छेडण्याची सूचना देतो. त्यामुळे बोटांची चाल जशीच्या तशी हाती येते. लयीतील लवचीकता, अलंकार आणि धुनेची गती मात्र वादकाला स्वतःच्या जाणिवेने ठरवावी लागते.

प्रमुख वह्यांपैकी रोवॅलन वही साधारण १६१२ ते १६२८ या काळातील मानतात. स्ट्रेलॉक वही १६२७–२९ ची असून तिचे मूळ हरवले आहे. जॉर्ज फार्कर ग्रॅहॅम यांनी १८३९ मध्ये केलेली नक्कल तेवढी उरली. वीम्स वही १६४३–४४ च्या सुमाराची आहे. सर्वांत मोठी बॅलकॅरस वही १७०० च्या आसपासची असून तिच्यात अकरा जोड्यांच्या ल्यूटसाठी अडीचशेहून अधिक रचना आहेत. त्यांतील काही व्हायोलिनवादकांच्या ढंगावरून घेतल्याचे शीर्षकांतच म्हटले आहे.

सर्वाधिक वाद स्कीन वहीविषयी आहे. ती ल्यूटसाठी नसून मॅन्डोर या त्याच कुळातील लहान वाद्यासाठी आहे. विल्यम डॉनी यांनी १८३८ मध्ये ती छापली आणि टॅब्लेचरचे स्वरलिपीत रूपांतर ग्रॅहॅम यांनी केले. डॉनी यांनी तिला बरेच प्राचीनत्व दिले. पुढील अभ्यासकांना ते पटले नाही आणि आज ती १६३० च्या आसपासची मानण्याकडे कल दिसतो. वही अनेक स्वतंत्र भाग एकत्र बांधून झालेली असल्याने तिला एकच साल देणे सयुक्तिक वाटत नाही. ‘द फ्लॉवर्स ऑफ द फॉरेस्ट’ या धुनेचा सर्वांत जुना ज्ञात पाठ येथेच मिळतो. ही धून १५१३ च्या फ्लॉडनच्या लढाईत इंग्लंडकडून झालेल्या स्कॉटलंडच्या पराभवाचा शोक म्हणून प्रसिद्ध आहे. मात्र वही त्या लढाईनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली आणि आज गायले जाणारे जीन एलियट यांचे शब्द अठराव्या शतकातील आहेत. म्हणून हा संबंध परंपरेने आलेला मानणेच योग्य.

अनेक धुनांची बैठक औडव, म्हणजे पाच स्वरांच्या, स्वरसमूहावर आहे. काही धुनांत एका पूर्ण स्वराच्या अंतरावरील दोन आधारस्वर आळीपाळीने येतात, त्यामुळे सूर एकाच षड्जावर ठरत नाही. येथे जड साथसंगत घातली की धुनेचा हा स्वभावच झाकोळतो. वह्यांतील विरळ मांडणी तशीच ठेवणे अधिक उचित होय. ल्यूटच्या तातीच्या, म्हणजे जनावरांच्या आतड्यांपासून केलेल्या, तारांचा नाद लवकर विरतो, आणि विलंबित धुनांत दोन स्वरांमधली ती शांतता अतिशय हृद्य असते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या वह्यांचे वादन पुन्हा सुरू झाले. रॉन मॅक्फार्लेन आणि रॉब मॅक्किलॉप यांच्या ध्वनिमुद्रणांनी त्यास श्रोते मिळवून दिले.