जुन्या बॉडीखाली नवी चासी : मोटर मावत नव्हती तिथपासून

पुणे–सोलापूर रस्त्यावर पहाटे निघालं की ट्रकच्या नुसत्या चास्या धावताना दिसतात. केबिन नाही, हौदा नाही. नुसता लोखंडी सांगाडा, इंजिन, स्टिअरिंग आणि तोंडाला टॉवेल गुंडाळून बसलेला ड्रायव्हर. चासी एका कारखान्यात तयार होते आणि बॉडी तिच्यावर दुसऱ्या गावात, दुसऱ्याच हातांनी चढते, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं.

रेल्वेच्या छोट्या मॉडेल इंजिनांतही अशीच वाटणी आहे. वरचं कवच ती बॉडी. खालचा सांगाडा, चाकं, मोटर, गिअर हे सगळं मिळून चासी. जुन्या इंजिनाची बॉडी जपायची आणि तिच्याखाली आजची चासी घालायची, हे काम हौशी लोक आवडीने करतात. माझ्या टेबलावर आत्ता तेच चालू आहे. हिरव्या रंगाचं सहा चाकांचं टँक इंजिन आहे, म्हणजे पाण्याची टाकी अंगावरच वागवणारं वाफेचं इंजिन. माझे काका रेल्वेत होते, सोलापुरात रेल्वे लाईन्समधल्या क्वार्टरमध्ये राहायचे. त्यांनी ऐंशीच्या दशकात मुंबईहून वापरलेलं आणलं. गड्ड्याच्या जत्रेतल्या चावीच्या गाड्यांवर वाढलेल्या आम्हा पोरांना वीजेवर चालणारं ते इंजिन म्हणजे चमत्कार होता.

अशी अदलाबदल म्हणजे मूळ वस्तूची नासधूस, असं काही जाणकार म्हणतात. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगायला बरंच मागे जावं लागतं.

टेबलावर मावेल अशी रेल्वे १९२२ साली जर्मनीतल्या बिंग कंपनीने ब्रिटनच्या बॅसेट-लोक या कंपनीसाठी बनवली. त्याआधी घराघरांत ‘ओ’ गेज होतं, रुळांमधलं अंतर ३२ मिलिमीटर. ते जवळपास निम्मं केलं. पुढे १६.५ मिलिमीटरचे रूळ स्थिरावले आणि त्यावर खरी रेल्वे १:८७ या मापात बरोबर बसते : खऱ्या रुळांमधलं प्रमाण अंतर १४३५ मिलिमीटर, त्याला ८७ ने भागा, १६.५ येतात. हेच ‘एचओ’, म्हणजे निम्मं ओ. युरोप-अमेरिकेने ते उचललं.

ब्रिटनमध्ये मात्र घोडं अडलं. तिथले बोगदे आणि पूल अरुंद, त्यामुळे तिथली खरी इंजिनंच अंगाने बारीक. ती १:८७ मध्ये उतरवली की बॉडी इतकी चिमुकली व्हायची की त्या काळची मोटर आत जाईना. मग रूळ तेच ठेवून बॉडी फुगवली. एका फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे १:७६.२. यालाच ‘डबल ओ’ म्हणतात. फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीने १९३८ मध्ये ‘हॉर्नबी डब्लो’ आणलं आणि हे माप कायमचं झालं. हिशेब केला तर डबल ओमध्ये १६.५ मिलिमीटरचा रूळ खऱ्या १२५७ मिलिमीटरचा होतो, प्रमाण गेजपेक्षा जवळजवळ १८ सेंटिमीटर अरुंद. बॉडी एका मापाची, रूळ दुसऱ्या मापाचा, आणि हे कोणा हौशी माणसाने घरात केलेलं नाही. अख्ख्या देशाच्या मॉडेल रेल्वेचा पायाच या तडजोडीवर उभा आहे, कारण मोटर मावत नव्हती.

पन्नासच्या दशकातली मोटर डोळ्यांसमोर आणा. उघडी, ठोकळ्यासारखा चुंबक, तीन दातांचं आर्मेचर (फिरणारा गाभा), दोन बाजूंना स्प्रिंगने दाबलेले कार्बन ब्रश, पुढे पितळी वर्म (मळसूत्री गिअर) आणि त्याला लागून चाकाच्या दांड्यावरचा गिअर. ब्रिटनच्या ट्रायअँग या खेळणी कंपनीच्या इंजिनांत वर्षानुवर्षं हीच रचना होती. एवढी मोटर लहान टँक इंजिनात बसवायची तर ड्रायव्हरची केबिन भरून टाकावी लागे आणि बॉयलरखालची मोकळी जागा प्लास्टिकने बुजवावी लागे. खऱ्या इंजिनात बॉयलरच्या खालून पलीकडचं आभाळ दिसतं. माझ्या हिरव्या इंजिनात तिथे भिंत आहे. त्या भिंतीमागे मोटर लपवली होती.

चासी बनवणं महाग, बॉडीचा साचा त्या मानाने स्वस्त. म्हणून ट्रायअँगने एकच सहाचाकी चासी वेगवेगळ्या बॉडींखाली वापरली. लाईन्स ब्रदर्स हा ट्रायअँगचा मूळ उद्योगसमूह १९७१ मध्ये बुडाल्यावर हॉर्नबी नावाने जी कंपनी उरली, तिनेही तोच कित्ता गिरवला. खऱ्या आयुष्यात तीन वेगळ्या रेल्वे कंपन्यांची असलेली, चाकांची अंतरं वेगवेगळी असलेली टँक इंजिनं खेळण्यांच्या दुकानात एकाच चासीवर उभी होती. दुसरीकडे विल्ससारखे छोटे उत्पादक शिसं-कथलाच्या पांढऱ्या मिश्रधातूची बॉडी किटमध्ये विकत आणि ती बाजारात मिळणाऱ्या ट्रायअँगच्या चासीवर बसेल अशाच मापाने घडवत. एकाची बॉडी दुसऱ्याच्या चासीवर, हा या छंदाचा रोजचा व्यवहार होता. नासधुशीचा आरोप मला पटत नाही तो यामुळे.

आता जुन्या चास्या का जातात ते. पहिलं कारण धातूचं. या चास्या ‘मझाक’ या जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या असतात. ओतताना शिशासारखी अशुद्धी मिसळली गेली तर धातूच्या कणांमधल्या सांध्यांना आतून कीड लागते. तो फुगतो, वाकतो, चिरतो आणि शेवटी बिस्किटासारखा मोडतो. उष्णता आणि दमट हवा मिळाली की हे आणखी वेगाने होतं. आमचं इंजिन पत्र्याखालच्या माळ्यावर तीस उन्हाळे होतं, आणि सोलापूरचा मे म्हणजे ४२-४३ अंश. खाली काढलं तेव्हा चासी जवळजवळ दीड मिलिमीटर लांब झाली होती आणि मधलं चाक फिरत नव्हतं. अक्कलकोट रोडला यंत्रमागाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लेथवाल्या मास्तरांकडे नेली. त्यांनी नखाने टोकरून पाहिलं, कोपरा सुटून हातात आला. “सर, याला आटे पडणार नाहीत. धातू मेलाय याचा,” म्हणाले, आणि पैसे घेतले नाहीत.

प्लास्टिकही सुटलेलं नाही. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीच्या बॉड्या सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या होत्या. त्या वर्षांनुवर्षं आकसत केळ्यासारख्या वाकल्या. अशी बॉडी सरळ चासीवर बसतच नाही. नंतर पॉलिस्टायरीन आलं. माझी बॉडी त्यातली आहे, म्हणून शाबूत आहे.

दुसरं कारण चाकांचं. जुन्या चाकांच्या कडा खोल असायच्या. आजच्या बारीक रुळांवर त्या स्लीपरजवळच्या खिळ्यांवर ठेचकाळतात आणि गाडी खडखडत जाते. तिसरं कारण विजेचं, आणि तेच सगळ्यात निर्णायक ठरलं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतल्या लेन्झ कंपनीने डिजिटल नियंत्रण विकसित केलं, नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने त्याला प्रमाण रूप दिलं. रुळांत वीज कायम असते आणि प्रत्येक इंजिनातली चिप आपल्या नंबरचाच हुकूम ऐकते. यासाठी मोटर रुळांपासून पूर्ण वेगळी हवी. जुन्या चासीत तर एक कार्बन ब्रश थेट सांगाड्यालाच टेकलेला. तशीच चिप जोडली की चिप जळते. नव्या चासीत बंद डब्याची छोटी मोटर, तिच्या दांड्यावर फ्लायव्हील (झटके न देता फिरत ठेवणारी जड चकती), चिपसाठी तयार सॉकेट, आणि वीजही जुनीच्या निम्म्याहून कमी खाणारी.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण आहे, पैशाची. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. नवं अख्खं इंजिन मागवणं सोलापुरात बसून परवडत नाही. घरात बॉडी असेल तर वापरलेली चासी शोधणं हाच मार्ग उरतो.

शिवाय आपली ब्रॉडगेज. सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये आली, मोहोळहून, ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची, १६७६ मिलिमीटर गेजची. हे अंतर एचओत १९.३ मिलिमीटर होतं, डबल ओमध्ये २२. तयार चासी मिळते ती १६.५ ची. त्यामुळे भारतीय इंजिनाचं मॉडेल करणारा प्रत्येक जण परक्या चासीवर आपली बॉडी चढवतो. सोलापूर स्टेशनात आपण वर्षानुवर्षं पाहिलेलं डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल घ्या. ते मूळ अमेरिकन अल्को कंपनीचं, १९६२ मध्ये आलं आणि १९६४ पासून वाराणसीत बनू लागलं. त्याच्या बोगीत (बोगी म्हणजे इथे चाकांचा गाडा, डबा नव्हे) तीन दांड्यांमधली अंतरं समान नाहीत. दोन दांडे जवळ, तिसरा लांब. म्हणून त्याच्याखाली कुठलीही सहा-दांड्यांची चासी घातली तर लहानपणापासून गाड्या बघणाऱ्याला ते लगेच खटकतं. अल्कोच्याच अमेरिकन इंजिनांच्या मॉडेलची चासी शोधावी लागते. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी १९९८ मध्ये उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना या मापांतली धावती गाडी काय मजा देते ते सांगायला नको.

आता माझं काम. परदेशातून भाच्याने वापरलेली चासी आणून दिली. चाकांची अंतरं पाऊण मिलिमीटरच्या फरकाने जुळली. पण पुढचा स्क्रू जिथे बसायचा तो बॉडीच्या आतला प्लास्टिकचा खुंट नव्या मोटरला आडवा येत होता. मी वर्नियर न लावता तो करवतीने कापला. नंतर मापलं तेव्हा कळलं, चासीचा तेवढा कोपरा कानशीने घासला असता तरी भागलं असतं. चासी तशी दुसरी मिळेल. त्या साच्यातला खुंट मिळणार नाही. ती चूक मला अजून टोचते. त्या दिवसापासून छाटायचं ते चासीला, बॉडीला नाही. घासण्याआधी मोटर आणि गिअर काढून ठेवायचे, नाहीतर धातूचा कीस चुंबकाला चिकटून आत जातो.

केबिन आता रिकामी झाली आहे. खिडकीतून आरपार दिसतं, ड्रायव्हर बसवता येईल. बॉयलरखालची ती भिंत मात्र कापायची नाही असं ठरवलंय, जरी आता तिच्यामागे लपवायला काही नाही. पन्नासच्या दशकातली मोटर किती मोठी होती ते त्या भिंतीत कोरलेलं आहे. बॉडी जपायची तर तेही जपायला हवं. उंचीतला फरक चासीवर लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे दोन थर देऊन भरला.

उरतं वजन. जुनी मोटर आणि तिचा चुंबक हेच इंजिनाचं वजन होतं. हलकी मोटर आली की इंजिन जागच्या जागी चाकं फिरवतं, डबे ओढत नाही. टायरच्या दुकानात चाकं बॅलन्स करायला लावतात ती चिकट वजनं आणून बॉयलरमध्ये भरायची. पण कुठे, हा प्रश्न. इथे मला कुर्डुवाडीची आठवण होते. ब्रिटिश इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी तिथून बार्शी लाईट रेल्वे १८९७ मध्ये सुरू केली, ७६२ मिलिमीटर गेजची, हलक्या रुळांवर. कोणत्याही दांड्यावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही, इंजिन असो की मालडबा. लीड्सच्या किट्सन कंपनीकडून त्यासाठी आठ जोडचाकांचं आणि मागे चार लहान चाकांचं इंजिन घेतलं, वजन सगळ्या दांड्यांवर पसरावं म्हणून. रूळ खऱ्या रेल्वेचे असोत की अडीच मिलिमीटर उंचीचे मॉडेलचे, वजन समान वाटलं गेलं तरच पकड येते.

तपासायची पद्धत सोपी आहे. गोल पेन्सिल टेबलावर आडवी ठेवायची, इंजिनाचा मधला दांडा बरोबर तिच्यावर येईल असं इंजिन ठेवायचं आणि हात सोडायचा. काल रात्री माझं पुढे कललं. दहा ग्रॅम पुढून काढून केबिनच्या फरशीखाली सरकवलं, तेव्हा ते क्षणभर डुललं आणि पेन्सिलीवर आडवं थांबलं. आता पुढची जोडणी (डबा अडकवायचा आकडा) रुळापासून एक मिलिमीटर खाली लोंबते आहे. ती रविवारी.