डिस्चार्ज मिळाला, डिस्चार्ज वाढला

मिरजेत दवाखान्याबाहेर थांबलेल्या कुणालाही ‘डिस्चार्ज’ म्हणजे काय विचारा. पेशंटला घरी सोडणं, असं तो सांगेल. हाच शब्द पावसाळ्यात सांगलीच्या कृष्णाकाठी विचारला, तर तिथं डिस्चार्ज क्युसेकमध्ये मोजतात. कोयना धरणातून सोडलेलं पाणी, म्हणजे हा डिस्चार्ज, किती वाढवला, त्यावरून आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीवर थांबेल की ४५ फुटांची धोका पातळी ओलांडेल, याचे हिशेब चहाच्या टपरीवर मांडले जातात. मोबाइलची बॅटरी डिस्चार्ज होते ती निराळीच. आठवीत शाळा सोडलेला माणूसही या तिन्हींत गल्लत करत नाही, आणि त्यानं डिक्शनरी बहुधा कधी उघडलेलीही नसते.

त्याचीच पुतणी अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेच्या वहीत लिहीत असते: डिस्चार्ज – सोडणे, मुक्त करणे, पार पाडणे. पान भरतं, वही भरते, आणि आठवड्यानं विचारलं की त्यातलं थोडंच हाताला लागतं. मग दोष पाठांतराला दिला जातो, नाहीतर मराठीतून अर्थ लिहिण्याच्या सवयीला. हे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यातलं आहे.

आधी व्याख्येचं बघू. जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डिया या अमेरिकी संशोधकांनी १९८७ मध्ये शाळकरी मुलांबद्दल एक गमतीदार निरीक्षण मांडलं. मुलांना डिक्शनरीतला अर्थ वाचून नव्या शब्दाचं वाक्य करायला सांगितलं होतं. ‘इरोड’ म्हणजे झीज होणं, धूप होणं. डिक्शनरीत त्याच्यासमोर ‘ईट आउट’ असंही लिहिलेलं होतं, म्हणजे कुरतडून खाणं. पण इंग्रजीत ‘ईट आउट’चा रोजचा अर्थ हॉटेलात जेवणं. तेव्हा एकानं लिहिलं, ‘आमचं कुटुंब खूप वेळा इरोड करतं.’ दुसऱ्यानं ‘कोरिलेट’समोर ‘एकमेकांशी नातं असणं’ अशा आशयाचा अर्थ वाचला आणि लिहिलं की, मी आणि माझे आईवडील कोरिलेट आहोत, कारण ते नसते तर मी नसतोच.

हसू येतं, पण मुलांची युक्ती अगदी तर्कशुद्ध आहे. व्याख्येतला ओळखीचा तुकडा उचलायचा, त्याचं वाक्य करायचं आणि त्या तुकड्याच्या जागी नवा शब्द बसवायचा. आपल्याकडच्या ‘वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नाची निम्मी उत्तरं अशीच तयार होतात. उरलेली निम्मी ‘मला डिस्चार्ज आवडतो’ या वळणाची असतात. ती व्याकरणात बसतात, पूर्ण मार्क मिळवतात आणि शब्द कळला की नाही याचा काही पत्ता लागू देत नाहीत.

उदाहरणाच्या वाक्यानं हे सुटतं का? वाक्य कसं आहे त्यावर ते ठरतं. सांगलीतलाच शब्द घेऊ. हळदीचे ओले कंद शिजवून वाळवतात, त्या प्रक्रियेला इंग्रजीत क्युअरिंग म्हणतात. ‘क्युअर – रोग बरा करणे’ एवढंच पाठ केलेल्या मुलीनं हे वाचलं, तर हळदीला कुठली कीड लागली होती असा प्रश्न तिला पडेल. आता ‘सांगलीचे शेतकरी हळद क्युअर करतात’ असं वाक्य दिलं, तरी फारसा उजेड पडत नाही. ते हळद विकत असतील, साठवत असतील, पेवात घालत असतील. ‘काढलेले कंद शिजवून, उन्हात पसरून शेतकरी हळद क्युअर करतात’ म्हटलं की दुसऱ्या अर्थाला जागाच उरत नाही. चांगलं उदाहरण इतर अर्थांच्या वाटा बंद करतं. बाजारातल्या बहुतेक शब्दसंग्रहांमधली वाक्यं या कसोटीला उतरत नाहीत. ती केवळ पान सजवायला असतात, असं माझं मत आहे.

व्याख्या सोपी करण्याचे प्रयत्न मात्र जुने आहेत, आणि त्यांतले सुरुवातीचे महत्त्वाचे इंग्लंडबाहेर, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना शिकवता शिकवता सुचलेले. मायकल वेस्ट यांनी ढाक्यात बंगाली मुलांच्या शिक्षणावर बरीच वर्षं काम केलं. शब्दापेक्षा व्याख्याच अवघड, ही रड त्यांनी जवळून पाहिली होती. जेम्स एंडिकॉट यांच्याबरोबर १९३५ मध्ये त्यांनी जी डिक्शनरी काढली, तिच्यात सुमारे २४,००० नोंदींचे अर्थ फक्त १,४९० शब्दांत सांगितले होते. जपानमध्ये शिकवणारे ए. एस. हॉर्नबी यांची शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी ऐन युद्धात, १९४२ मध्ये टोकियोत छापली गेली. आज ऑक्सफर्डची जी जाडजूड ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ अभ्यासिकेच्या टेबलावर दिसते, तिचं मूळ तेच. पुढं १९८७ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या चमूनं ‘कोबिल्ड’ ही डिक्शनरी तयार केली. खरोखरचं छापील आणि बोललेलं इंग्रजी संगणकात भरून त्यातून उदाहरणं निवडली आणि अर्थही पूर्ण वाक्यात दिले. त्या पद्धतीनं मराठीत लिहायचं तर ‘सोडणे’ एवढ्यावर न थांबता ‘डॉक्टर पेशंटला डिस्चार्ज देतात, तेव्हा ते त्याला घरी जायची परवानगी देतात’ असं लिहावं लागेल. शब्द कुणासोबत येतो हे त्या अर्थामधूनच कळून जातं.

इथवर समजण्याची गोष्ट झाली. लक्षात राहण्याचं गणित वेगळं आहे, आणि आपली वही फसते ती इथं.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं १८८५ मध्ये, निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून, विसरण्याचा वेग मोजला. सुरुवातीला झपाट्यानं, मग हळूहळू, असं आपण विसरतो. सलग घोकण्यापेक्षा अंतरानं केलेली उजळणी टिकते हेही त्याला दिसलं. पण उजळणी म्हणजे काय? वही उघडून पुन्हा वाचणं, हे उत्तर आपण गृहीत धरतो. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ मध्ये ते तपासलं. विद्यार्थ्यांना आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतले ४० शब्द इंग्रजी अर्थासह दिले. एकदा बरोबर आठवलेला शब्द काही गटांनी पुढंही नुसता वाचत राहायचा होता, तर काहींनी त्यावर स्वतःची परीक्षा घेत राहायचं होतं. आठवड्यानंतर, परीक्षा देत राहिलेल्यांना साधारण ८० टक्के शब्द आठवले. परीक्षा थांबवलेल्यांना जेमतेम एक तृतीयांश, मग त्यांनी शब्द पुन्हा पुन्हा वाचलेले असोत वा नसोत. मला याहून मोलाची वाटते ती दुसरी नोंद. आपल्याला किती आठवेल, असं आधी विचारलं तेव्हा सगळ्या गटांचा अंदाज जवळजवळ सारखाच, निम्म्याच्या आसपास होता. आपलं काय चुकतंय हे शिकणाऱ्याला आतून जाणवत नाही.

या प्रयोगात अर्थ विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या भाषेतूनच दिले होते हे ध्यानात घ्या. मराठी अर्थाचा रकाना निर्दोष सुटतो. गुन्हा एवढाच की तो कधी झाकला जात नाही.

‘वाक्यात उपयोग करा’बद्दलही एक धक्का आहे. कीथ फोल्स यांनी २००६ मध्ये तीन प्रकार तुलनेला घेतले: एकदा गाळलेली जागा भरणं, तीनदा भरणं, आणि स्वतःचं एक वाक्य लिहिणं. तीन गाळलेल्या जागा सरस ठरल्या. शब्द तीनदा आठवावा लागला, हे महत्त्वाचं. तेव्हा ‘यील्ड’ शिकायचा असेल, तर एक अलंकारिक वाक्य रचत बसण्यापेक्षा तीन वाक्यांत रिकामी जागा ठेवावी: एकरी उसाचं उत्पादन, दबावापुढं नमतं घेणं, रोख्यावरचा परतावा. तीनही एकाच दिवशी नकोत.

झोपेचाही यात वाटा आहे. निकोला द्युमे आणि गॅरेथ गॅस्केल यांच्या २००७ च्या प्रयोगात, नवे शब्द जुन्या शब्दांच्या जाळ्यात मिसळल्याच्या खुणा मध्ये झोप झाली तेव्हाच दिसल्या, तेवढेच तास जागेपणी गेले तेव्हा दिसल्या नाहीत. आणि एकाच गटातले शब्द, म्हणजे सगळे रंग किंवा सगळी फळं, एका बैठकीत शिकले तर ते एकमेकांत अडकतात. शाळेच्या पुस्तकांना हे कधी पटेल कोण जाणे.

कोणते शब्द शिकायचे, हा प्रश्न राहतो. सर्वांत जास्त वापरातले २,००० शब्द सामान्य इंग्रजी मजकुराचा साधारण ८० टक्के भाग व्यापतात. कुणाच्या मदतीशिवाय कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचायचं तर ८,००० ते ९,००० शब्दकुळं लागतात, असा न्यूझीलंडचे पॉल नेशन यांचा २००६ चा हिशेब आहे. शब्दकुळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याची साधलेली रूपं मिळून एक. क्लासच्या नोट्समध्ये दुर्मीळ शब्दांच्या याद्या मिरवतात, त्या या दोन्ही आकड्यांच्या पलीकडच्या असतात. नेशन यांचा सल्ला असा की पहिले २,००० पक्के झाले की प्रत्येकानं आपल्या कामाच्या शब्दांकडं वळावं. तासगावच्या द्राक्ष बागायतदारासाठी ते ‘रेसिड्यू’ (फळावर उरलेला औषधाचा अंश), ‘कन्साइनमेंट’ (पाठवलेला माल) आणि ‘डॉर्मन्सी’ (वेलीची सुप्तावस्था) असतील. मिरजेतल्या नर्सला यातला एकही नको असेल.