साथ ओसरली, आता फ्रीझर तपासा

झी-मॅप या औषधाच्या चाचणीसाठी इबोलाचे २०० रुग्ण हवे होते. मिळाले ७२. पश्चिम आफ्रिकेतली साथ २०१४ च्या उत्तरार्धात शिगेला पोचली होती आणि ही चाचणी सुरू झाली मार्च २०१५ मध्ये. तोवर लायबेरिया, सिएरा लिओन आणि गिनीतले वॉर्ड रिकामे होत आले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३७ टक्के दगावले, झी-मॅप मिळालेल्यांपैकी २२ टक्के. फरक मोठा दिसतो खरा, पण इतक्या थोड्या माणसांत तो योगायोगानेही पडू शकतो. २८ हजारांहून जास्त लोकांना लागण झाली, ११ हजारांहून जास्त गेले, तरी औषध लागू पडतं की नाही हे ठरलंच नाही.

ते ठरलं काँगोत. तिथे १ ऑगस्ट २०१८ ला साथ जाहीर झाली आणि नोव्हेंबरात, गोळीबार चालू असलेल्या भागात, चार औषधांची चाचणी सुरू झाली. ६८१ रुग्ण घेतले गेले. झी-मॅप मिळालेल्यांपैकी जवळपास निम्मे दगावले. दोन नव्या प्रतिपिंड-औषधांवर हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास आलं. नवी औषधं तोपर्यंत तयार होती हे मान्य, पण झी-मॅप तर लायबेरियातही होतंच की! काँगोकडे होती ती माणसं. १९७६ च्या पहिल्या साथीत काँगोतल्या यांबुकूला गेलेले डॉ. झाँ-जाक मुयेंबे यांची किन्शासातली संशोधन संस्था १९८४ पासून चालू आहे. त्या दोन औषधांपैकी एक तर १९९५ साली किक्विटच्या साथीतून वाचलेल्या माणसाच्या रक्तातून निघालं.

अशा तयार माणसांचं उदाहरण बेळगावातही आहे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव गोळीने कमी होतो का, हे इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत जिल्ह्यातल्या खेड्यांत तपासलं. १६२० बायका, ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल किंवा तशीच दिसणारी औषधविरहित गोळी, आणि गोळी देणाऱ्या साध्या नर्सबाई. रक्त डोळ्यांनी अंदाजायचं तर हमखास कमीच धरलं जातं. म्हणून बाळंतिणीच्या कमरेखाली खुणा केलेली पिशवी असलेलं प्लास्टिक अंथरलं आणि रक्त मोजलं. ५०० मिलिलिटर किंवा जास्त रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. निष्कर्ष २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि २०११ मध्ये हे औषध याच कामासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत गेलं. पुढे गरोदरपणातल्या अ‍ॅस्पिरिनच्या चाचणीत बेळगाव आणि काँगो एकाच जाळ्यात होते. ‘संशोधन क्षमता’ म्हणतात ती हीच: गोळी कुणाला दिली, किती वाजता दिली, हे न चुकता लिहिणारी नर्स.

बाकीचं बरंचसं विजेचं काम आहे. इबोलाची लस उणे ६० ते उणे ८० अंशांत ठेवावी लागते. वितळल्यावर २ ते ८ अंशांत ती १४ दिवस टिकते. असा फ्रीझर देणगीत मिळतो, स्टॅबिलायझर मिळत नाही. वीज गेली की जनरेटर चालू होतो, सगळे कॉम्प्रेसर एकाच वेळी सुरू व्हायला बघतात आणि एमसीबी पडतो. म्हणून प्रत्येक फ्रीझरला वेगळी लाइन आणि थोड्या-थोड्या मिनिटांच्या अंतराने सुरू होणारा टायमर हवा. जनरेटर नुसता घरघरवून बघू नये, आठवड्यातून एकदा पूर्ण लोडवर चालवावा. दाराच्या रबरावर बर्फ साचला की दार नीट लागत नाही. पावसाळ्यात खानापूरसारख्या दमट जागी हे दर काही दिवसांनी बघावंच लागतं. रिकाम्या कप्प्यांत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या भराव्यात, म्हणजे वीज गेल्यावर थंडी जास्त वेळ धरते. आणि एक फ्रीझर कायम मोकळा, चालू ठेवायचा. हिशेब तपासणाऱ्यांना तो वायफळ खर्च वाटतो.

नमुने बिघडतात ते बहुतेक वेळा त्याच्याही आधी. रक्त तसंच मोटारसायकलवरून जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याने आणलं तर तांबड्या पेशी फुटतात आणि सुटलेलं हिमोग्लोबिन पीसीआरमध्ये अडथळा आणतं. त्यामुळे रक्त प्राथमिक आरोग्य केंद्रातच अर्धा तास गोठू द्यावं, सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळं काढावं, मगच बर्फाच्या डब्यातून पाठवावं. सीरम अर्ध्या मिलिलिटरच्या तीन-चार नळ्यांत वाटावं, म्हणजे प्रत्येक नळी एकदाच वितळते. पेनाने लिहिलेलं नाव स्पिरिटच्या एका थेंबाने पुसलं जातं. साधा स्टिकर उणे ८० ला गळून पडतो. थंडीत टिकणारं छापील लेबल कोरड्या नळीवर, गोठवण्याआधी लावायचं.

संमतीपत्र इथे मराठी आणि कन्नड दोन्हींत लागतं, आणि वाचता न येणाऱ्यासाठी संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. नवऱ्याने मान डोलावली म्हणजे बाईने संमती दिली असं होत नाही. चाचणीचा आराखडा नीतिसमितीकडे साथ नसतानाच मंजूर करून घ्यावा. ऐन साथीत फक्त विषाणूचं नाव आणि तारखा भरायच्या राहतात. नमुने कुणाच्या मालकीचे, बाहेर कुठे जाणार, हेही तेव्हाच लिहून घ्यावं. पश्चिम आफ्रिकेतून साथीत हजारो नमुने देशाबाहेर गेले, तो वाद नंतर निस्तरत बसावा लागला.

हे सगळं या भागात कशासाठी? चोर्ला घाटापलीकडे गोव्यातल्या सत्तरीत २०१५ पासून आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात २०१६ पासून माकडतापाचे, म्हणजे गोचिडीतून पसरणाऱ्या विषाणूच्या तापाचे, रुग्ण आहेत. जुनी फॉर्मलिनची लस आता दिली जात नाही. नवी लस आली की तिची चाचणी अशाच जंगलकाठच्या गावांत होणार आणि पहिला प्रश्न असेल: लस नसताना इथे दर हजारी किती जणांना हा ताप येतो? तो आकडा नसेल तर चाचणीत किती माणसं घ्यायची हेच काढता येत नाही. रुग्ण साधारण डिसेंबर ते मे दिसतात. म्हणजे आशाताईंच्या हातात तापाची नोंदवही पावसाळ्यातच द्यायला हवी: ताप कधी आला, जंगलात कधी गेले होते, गोचीड चावली का, रक्त कितव्या दिवशी घेतलं. शेवटचा रकाना सोडू नये. पहिल्या आठवड्यात पीसीआर उपयोगी पडतो, नंतर आयजीएम एलायझा, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी चाचणी. दिवसच माहीत नसेल तर ‘निगेटिव्ह’ रिपोर्टवर विसंबता येत नाही.