सीओपीडीचा भार मोजून घ्या: पेशंट आणि घरच्या माणसांसाठी माहिती

सीओपीडी हा श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसाचा जुना आजार. तो फक्त विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाच होतो, असं सोलापुरात अजून सर्रास समजलं जातं. आमच्याकडे तपासणीला येणाऱ्यांत मागावर उभं आयुष्य काढून सुताची धूळ छातीत घेतलेले कामगार असतात. चुलीच्या धुरात भाकरी थापलेल्या आजी असतात. घरात बसून विड्या वळणाऱ्या, पण स्वतः एक झुरकाही न घेतलेल्या मावशी असतात.

आजार आहे की नाही, हे फुंकायच्या तपासणीतून म्हणजे स्पायरोमेट्रीतून कळतं. श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध पंपातून देऊन दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि छाती भरून जोरात फुंकायचं. बाहेर आलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदातली हवा ७० टक्क्यांहून कमी असेल, तर नळ्यांत अडथळा आहे. पुढे वय, उंची पाहून तो किती आहे ते ठरतं: पहिल्या सेकंदातली हवा अपेक्षेच्या ८० टक्के किंवा जास्त असेल तर सौम्य, ५० ते ७९ मध्यम, ३० ते ४९ तीव्र, त्याखाली अतितीव्र.

बरेच जण हा एक आकडा घेऊन घरी जातात. तो पुरेसा नाही, आणि हे पत्रक त्यासाठीच छापलं आहे. समजा, दोघांचाही आकडा ५५ टक्के आहे. एकाला पहाटे थोडा खोकला येतो, बाकी तो कामावर जातो. दुसरीला उशा उंच केल्याशिवाय झोप येत नाही, बाजार सुटला आहे आणि थंडीत दवाखान्यात भरती व्हावं लागलं. कागदावर दोघं सारखी, पण आजाराचं ओझं सारखं नाही. मग दोघांची काळजीही सारखी कशी असेल?

ओझं मोजायचं कसं

धाप मोजायला ० ते ४ अशी पट्टी आहे. फक्त जड कष्ट केल्यावर दम लागत असेल तर ०. घाईने चालताना किंवा चढावर लागत असेल तर १. सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसांच्या मागे पडत असाल तर २. साधारण शंभर मीटरवर थांबावं लागत असेल तर ३. कपडे बदलतानाही धाप लागत असेल तर ४.

दुसरी आठ प्रश्नांची ‘कॅट’ चाचणी: खोकला, कफ, छाती आवळणं, जिना चढताना दम, घरकाम, घराबाहेर पडण्याचा भरवसा, झोप आणि अंगातली ताकद. प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण ४०. बेरीज १० किंवा जास्त असेल तर त्रास दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पुढच्या खेपेला दोन गुणांचा फरक पडला तरी तो खरा बदल मानतात. तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्यांना आम्ही प्रश्न त्यांच्या भाषेत समजावून सांगतो.

इथे एक गोष्ट आम्ही फार जपतो. “दम लागतो का?” विचारलं की पुष्कळ लोक “नाही” म्हणतात, आणि ते खोटं नसतं. जिना चढणं सोडलेलं असतं, पाण्याची कळशी सून भरते, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला जाणं कधीच बंद झालेलं असतं. दम लागेल असं कामच उरलेलं नसतं. म्हणून आम्ही उलटं विचारतो: दोन वर्षांपूर्वी स्वतः करत होता आणि आता करत नाही, असं काय काय आहे? याचं उत्तर पेशंटपेक्षा घरचं माणूस जास्त नेमकं देतं. त्यामुळे एकटे येऊ नका.

याशिवाय सहा मिनिटांत किती मीटर चालता आणि चालताना ऑक्सिजन किती उतरतो, ते पाहतो. वजन घेतो, कारण या आजारात आपोआप वजन उतरणं चांगलं लक्षण नाही. वर्षभरात त्रास किती वेळा एकदम उफाळला, हेही लिहून घेतो. एकदा उफाळलेला पुन्हा उफाळण्याची शक्यता जास्त, म्हणून औषध ठरवताना डॉक्टर याला मोठं महत्त्व देतात.

नेदरलँड्समध्ये हे सगळं फुग्यांच्या चित्रात मांडायची पद्धत आहे. ठीक असलेल्या बाजूचा फुगा हिरवा आणि वर, बिघडलेल्या बाजूचा लाल आणि खाली, मागच्या भेटीचा राखाडी. चित्र पाहून पेशंटच सांगतो की आधी काय सुधारायचं. तिथल्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असं चित्र वापरलेल्या पेशंटांचं रोजचं जगणं १८ महिन्यांनंतर इतरांपेक्षा जास्त सुधारलेलं दिसलं. आम्हीही त्याच धर्तीवर एका पानाचं चित्र करून देतो. ते तुमच्या डॉक्टरांना दाखवा. औषध तेच ठरवतील.

त्यातून काय बदलतं

चालणं कमी झालं असेल तर सहा ते आठ आठवड्यांचा श्वासाचा आणि पायांचा व्यायाम मोठं काम करतो. औषध ओढून घेताना श्वासाचा जोर कमी पडत असेल तर कॅप्सूलचा पंप बदलून स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावलेला पंप द्यावा लागतो. पंपाची सवय लागते, ही भीती मनातून काढा. वारंवार त्रास उफाळत असेल तर फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल विचारा. तंबाखू ओढत असाल तर ती सोडणं या सगळ्याच्या आधी येतं.

ऑक्सिजनचं मशीन आम्ही भाड्याने देतो, तरी स्पष्ट सांगतो: नुसती धाप लागते म्हणून ते नेऊ नका. आजार स्थिर असताना, बसल्या जागी ऑक्सिजन ८८ टक्के किंवा खाली राहत असेल आणि पुन्हा तपासूनही तसंच दिसलं, तर दिवसात १५ तासांहून जास्त लावल्याने आयुष्य वाढतं. ज्यांचा ऑक्सिजन त्याहून थोडा वर राहतो, त्यांना तसा फायदा दिसलेला नाही. त्यांनी ते पैसे चांगल्या आहारावर आणि व्यायामावर घालावेत.

येताना

रोजचे पंप सोबत आणा. ते कसे घेता, ते आम्ही पाहतो. सकाळचा पंप घ्यायचा की नाही, ते आधी विचारून घ्या. जुने रिपोर्ट, डिस्चार्जचे कागद आणा. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर फुंकण्याआधी सांगा, तपासणी पुढे ढकलू. पोट भरून जेवून येऊ नका, कपडे सैल घाला, आणि कवळी घट्ट बसत असेल तर तशीच राहू द्या.