मालवाहू ट्रेलरचा कॅम्पर : एका शब्दाचा तिढा

अमेरिकेत ट्रेलर विकत घेतला की राज्याचं वाहन खातं मालकीचा कागद देतं. त्याला तिथे टायटल म्हणतात, आणि त्यात वाहनाचा प्रकार सांगणारा एक रकाना असतो. सहा बाय बारा फुटांचा बंद मालवाहू ट्रेलर घेतला, त्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि बॅटरी बसवली, छताला पंखा लावला, दोन खिडक्या कापल्या, तरी तो रकाना आपोआप बदलत नाही. कागदोपत्री तुम्ही सामान वाहण्याच्या डब्यात झोपलेले असता. विमा कंपनी तो कागद बघते, काही खासगी कॅम्पिंग मैदानांचे व्यवस्थापक तोच बघतात, विकताना गिऱ्हाईकही तोच मागतं. स्वतःच्या हातांनी ट्रेलर बांधणाऱ्यांच्या गेल्या वीस वर्षांच्या इतिहासात करवत आणि स्क्रूपेक्षा या रकान्यानेच जास्त डोकेदुखी दिली आहे.

कॅम्पर, म्हणजे मुक्काम करता येईल असं सहलीचं वाहन, नेमकं कशाला म्हणायचं, हे एका ठिकाणी ठरलेलं नाही, ही खरी अडचण. रस्ते-सुरक्षेच्या केंद्रीय नियमांत स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या मोटरहोमसाठी सहा सोयींची यादी आहे : स्वयंपाक, शीतपेटी, स्वतंत्र शौचालय, उष्णता किंवा वातानुकूलन, नळ-सिंकसह पिण्याचं पाणी, आणि वेगळा वीजपुरवठा किंवा गॅस. सहापैकी चार असल्या की ते मोटरहोम. कित्येक राज्यांनी थोड्याफार फरकाने हीच यादी ट्रेलरला लावली. कर खात्याचं गणित निराळं. कर्जाच्या व्याजावर सवलत हवी असेल तर झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असली की ट्रेलरसुद्धा घर धरला जातो. गृहनिर्माण खातं तिसरीकडून येतं. कोणती वस्तू ‘कारखान्यात तयार झालेलं घर’ आहे, एवढंच त्याला ठरवायचं असतं आणि उरलेल्यांना ते सूट देतं. त्यामुळे एकच ट्रेलर कर खात्याच्या लेखी घर, वाहन खात्याच्या लेखी मालवाहू आणि गृहनिर्माण खात्याच्या लेखी दखल न घेण्याजोगा ठरू शकतो.

ही गुंतागुंत जुनी आहे, पण मुळात ती नव्हती. 1919 मध्ये फ्लोरिडातल्या टँपा इथे मोटारीमागे तंबू-ट्रेलर ओढत आलेल्या प्रवाशांनी आपला पहिला संघ काढला, तेव्हा बहुतेकांची वाहनं घरीच जोडलेली होती. 1930 च्या दशकात कारखाने आले, तरी मासिकांत छापलेले आराखडे बघून परसात ट्रेलर बांधणं चालूच राहिलं. दुसऱ्या महायुद्धात सरकारने युद्धसाहित्याच्या कारखान्यांतल्या कामगारांना हजारो ट्रेलर घरं म्हणून दिले, आणि सुट्टीचं वाहन राहत्या घराच्या जागी आलं. 1950 च्या दशकाच्या मध्यावर दहा फूट रुंदीचे ट्रेलर निघाले. ते कुणी सहलीला नेत नव्हतं. तिथून दोन वाटा फुटल्या : एक रुंद होत जमिनीला चिकटली, दुसरी आठ फुटांच्या आत राहून रस्त्यावर फिरत राहिली. 1974 चा कायदा आणि 15 जून 1976 पासून लागू झालेली बांधकाम संहिता पहिल्या वाटेसाठी होती. दुसऱ्या वाटेला 400 चौरस फुटांची मर्यादा घालून सूट मिळाली.

मालवाहू ट्रेलर या दोन्ही वाटांच्या बाहेरचा. इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात आरव्हींच्या, म्हणजे कॅम्पर आणि मोटरहोमसारख्या सुट्टीच्या वाहनांच्या, कारखान्यांशेजारीच बंद मालवाहू ट्रेलरचे कारखाने उभे राहिले, पुढे दक्षिण जॉर्जियातही. सुतार, फेरीवाले, मोटारसायकल शर्यतींचे खेळाडू हे त्याचं मूळ गिऱ्हाईक. शर्यतीच्या आदल्या रात्री गाडी बाहेर काढून ट्रेलरमध्ये गादी टाकणारे लोक पुष्कळ आधीपासून होते. त्याला कुणी कॅम्पर म्हणत नव्हतं, म्हणून वादही नव्हता.

वाद उभा राहण्याआधी एक मोठी घटना घडली. या विषयावरच्या लिखाणात तिला फार थोडी जागा मिळते, याचं मला वाईट वाटतं. 2005 च्या कॅटरिना आणि रिटा वादळांनंतर मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरच्या बेघर कुटुंबांना लाखाहून अधिक ट्रेलर आणि फिरती घरं दिली गेली. थोड्याच महिन्यांत डोळे चुरचुरणं, नाकातून रक्त येणं, मुलांचा दमा वाढणं अशा तक्रारी सुरू झाल्या. प्लायवूड आणि भुशाच्या फळ्यांत वापरलेल्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड वायू सुटत होता, आणि बंद, दमट, तापलेल्या खोलीत तो साचत होता. सरकारी चाचणी व्हायला 2007 चा डिसेंबर उजाडला. 519 ट्रेलर व घरं तपासली, सरासरी पातळी 77 भाग प्रतिअब्ज निघाली, आणि फेब्रुवारी 2008 मध्ये लोकांना तिथून लवकर हलवण्याचा सल्ला दिला गेला. संमिश्र लाकडातल्या फॉर्मल्डिहाइडवर मर्यादा घालणारा कायदा 2010 मध्ये आला. तोवर ते ट्रेलर लिलावात निघाले होते, दारावर ‘राहण्यासाठी नाही’ असं स्टिकर चिकटवून. त्याच वर्षी आखातात तेलगळती झाली, आणि सफाईला आलेले कामगार त्यातल्याच काही ट्रेलरांत राहताना आढळले. कागदाने वस्तूचं नाव बदललं, वस्तू तीच राहिली.

याच सुमारास मंदी आली. एल्कहार्टमध्ये 2009 च्या वसंतात बेरोजगारी 18 टक्क्यांच्या वर गेली. कारखान्यातल्या कॅम्परच्या बांधणीकडे लोक संशयाने बघू लागले होते. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर गोंदाने चिकटवलेलं पातळ फायबरग्लास, छतावर रबराचं आवरण. एका सांध्यातून पाणी शिरलं की भिंत फुगते आणि पापुद्रे सुटतात. शेजारच्या शेडमध्ये तयार होणारा मालवाहू ट्रेलर मात्र पोलादी चौकोनी नळ्यांचा, वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, छताला एकच अखंड पत्रा. सांधे कमी, कुजणारं लाकूड कमी, किंमतही कमी. आत कोणती फळी आणि कोणता गोंद येणार, हे मालक स्वतः ठरवणार. ज्यांनी या काळात पहिले ट्रेलर बांधले त्यांच्या निवडीमागे हौस होती तेवढीच ही सावधगिरीही होती, असं माझं मत आहे.

पोलादी बरगड्यांचा तोटा पहिल्याच थंडीत कळतो. पोलाद बाहेरची थंडी सरळ आत आणतं, रात्रीच्या श्वासाची वाफ त्यावर दव होऊन साचते आणि पहाटे पांघरुणावर ठिबकते. बरगड्यांमध्ये इंचभर जाडीचा कडक फोम बसवणाऱ्यांना वर्षभराने उमगलं की बरगड्यांवरूनही एक सलग थर ओढल्याशिवाय उपयोग नाही. छतात 14 बाय 14 इंचांचा झरोका कापून पंखा बसवणं ही तेव्हापासून पहिली पायरी ठरली. आता तर ट्रेलर मागवतानाच तो झरोका, सहा इंच जादा उंची आणि 24 ऐवजी 16 इंचांच्या अंतरावर बरगड्या मागून घेतात. 2990 हा आकडाही असाच कारखान्यातून आलेला. एका एक्सलच्या बऱ्याच ट्रेलरांवर एकूण वजनाची मर्यादा 2990 पौंड छापलेली असते, कारण 3000 पौंडांपासून अनेक राज्यांत ट्रेलरला ब्रेक सक्तीचे होतात. सामान वाहणाऱ्याने ते ओझं मुक्कामी उतरवलं की संपलं. कॅम्परवाला पलंग, पाणी, बॅटरी कायम लादून फिरतो. मर्यादेच्या काठावर आणि ब्रेकविना घाट उतरणारे ट्रेलर मी पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी काळजी वाटली आहे. शिशाच्या शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीचं वजन तीस किलोंच्या आसपास, तेवढ्याच क्षमतेच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचं निम्म्याहून कमी. नंतरच्या काळात हे ओझं थोडं हलकं झालं ते त्यामुळे.

आता तो वादग्रस्त निर्णय. 9 फेब्रुवारी 2016 रोजी केंद्रीय गृहनिर्माण खात्याने आरव्हीला सूट कधी मिळते त्याची व्याख्या बदलण्याचा मसुदा काढला. त्यामागचं भांडण परसात बांधणाऱ्यांचं नव्हतंच. सुट्टीच्या वसाहतीत कायम उभे राहणारे ‘पार्क मॉडेल’ 400 चौरस फुटांना टेकले होते, आणि त्यांना जोडलेली पडवी त्या क्षेत्रफळात धरायची की नाही यावर दोन उद्योगांची जुंपली होती. 2014 मध्ये खात्याने पडवी धरायची असं कळवल्यावर ती आग भडकली. नव्या मसुद्यात सूट मिळण्यासाठी तीन अटी होत्या : वाहनाच्या सांगाड्यावर बांधणी, फक्त करमणुकीसाठी वापर आणि कायमच्या वास्तव्यासाठी नाही, आणि ठरलेल्या दोन मानकांपैकी एकानुसार बांधून तसं प्रमाणित केलेलं असणं.

या तिसऱ्या अटीतल्या ‘प्रमाणित’ या शब्दाने धुरळा उडवला. प्रमाणपत्र उत्पादक देतो. मग स्वतःपुरता एकच ट्रेलर बांधणाऱ्याला ते कोण देणार? चाकांवरच्या चिमुकल्या घरांचे मालक आणि मालवाहू ट्रेलरवाले एकाच भीतीने उठले, की आपलं घर बेकायदा ठरणार. हजारो हरकती गेल्या. आम्ही उत्पादनाचं नियमन करतो, कोण कुठे कसा राहतो याचं नाही, असं खात्याने वारंवार सांगितलं. अंतिम नियम 16 नोव्हेंबर 2018 रोजी निघाला आणि जानेवारी 2019 मध्ये लागू झाला. प्रमाणित हा शब्द त्यात राहिला, आणि पार्क मॉडेलच्या स्वयंपाकघरात ‘कायम वास्तव्यासाठी नाही’ अशी सूचना ठळक लावण्याची अटही.

भीती कितपत खरी होती? ज्याला सूट लागते त्याच्यासाठीच तिची व्याख्या महत्त्वाची. प्रवासात आठ फूट किंवा अधिक रुंद, किंवा चाळीस फूट किंवा अधिक लांब, किंवा जागेवर मांडल्यावर 320 चौरस फूट किंवा अधिक, शिवाय घर म्हणून वापरण्यासाठी आखलेलं असेल तरच ते कारखान्यातलं घर ठरतं. सात बाय सोळाचा ट्रेलर 112 चौरस फूट भरतो आणि रुंदीच्या अटीतही बसत नाही. तो मुळातच त्या कायद्याच्या कक्षेत नव्हता. मात्र साडेआठ फूट रुंदीचा मालवाहू ट्रेलर, म्हणजे रस्त्यावर चालणारी पूर्ण 102 इंचांची रुंदी, कागदाच्या काटेकोर वाचनात सीमारेषेवर येतो. दोन्ही बाजूंनी हा फरक कुणी शांतपणे मांडला नाही. सरसकट धीर देणारे आणि सरसकट घाबरवणारे, दोघांनीही आठ फुटांचा तो आकडा वगळला. लोकांनी त्या काळात अर्धवट ट्रेलर विकून टाकले, याचं दुःख मला अजून आहे.

नियमाचा खरा परिणाम दुसरीकडे झाला. प्रमाणपत्राचं छोटं स्टिकर प्रतिष्ठेची खूण बनलं. काही खासगी मैदानांनी स्टिकर नसलेल्या वाहनांना जागा नाकारायला सुरुवात केली, तर सरकारी जंगलांत आणि राज्यांच्या उद्यानांत बहुधा ते कुणी विचारत नाही. 2021 मध्ये कारखान्यांतून सहा लाख आरव्ही बाहेर पडल्या, तो विक्रम. त्या साथीच्या वर्षांत कॅम्पर मिळेना म्हणून मालवाहू ट्रेलरकडे वळलेल्या नवख्यांना हा सगळा पूर्वेतिहास ठाऊक नव्हता.

त्यांना स्टिकरमागचं मानकही ठाऊक नव्हतं, आणि इथे मी स्वतः बांधणाऱ्यांच्या बाजूने बोलताना अडखळतो. ते मानक आगीपासून जीव वाचवण्यासाठी आहे. दुसरा बाहेर पडण्याचा मार्ग, धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा गजर, गॅसगळतीचा गजर, अग्निशामक. मालवाहू ट्रेलर सामानासाठी बनलेला असतो, त्यामुळे खाली पाडल्यावर उतार बनणारं मागचं दार बाहेरून दांड्यांनी बंद होतं आणि आतून उघडत नाही. बाजूच्या दारालाही बरेचदा बाहेरून अडसर असतो. तो कुणी चुकून किंवा मुद्दाम लावला की आतला माणूस कोंडला. आतून उघडणारी कडी बसवायला अर्धा दिवस लागतो, निसटता येईल एवढी खिडकी बसवायला एक दिवस. नियमाच्या त्या भांडणात प्रमाणपत्र कोण देणार यावर हजारो पानं खर्ची पडली, तेव्हा या दाराबद्दल कुणी फारसं बोललं नाही.

असे ट्रेलर बांधणाऱ्या अमेरिकी लोकांचे व्हिडिओ बघून पुण्या-नाशिकचे हौशी लोक आपल्याकडे का नाही असं विचारतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी बुकातली नोंद विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं. योगायोगाने तो अमेरिकेतला नियम लागू झाला तोच महिना. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याचा रोख कॅराव्हॅन पार्कांवर आणि पर्यटनासाठी चालवल्या जाणाऱ्या गाड्यांवर आहे. परसात एकट्याने बांधणाऱ्याला त्यात जागा नाही. म्हणून इथले लोक गाडीला एकही भोक न पाडता, आसनं न काढता, उचलून ठेवता येणारा लाकडी पलंग आणि ओट्याची पेटी बनवतात, आणि पासिंगच्या आदल्या दिवशी ती घरात काढून ठेवतात.